हेलिकॉप्टरची नागरी आणि लष्करी बाजारपेठ : एक की दोन?

धागाकर्ता : उत्तरवारा

नमस्कार. हवाई उद्योगावरचे बाजार-अहवाल वाचताना एक गोष्ट सतत खटकते. नागरी आणि लष्करी हेलिकॉप्टरांची विक्री त्यांत एकाच बेरजेत मांडलेली असते आणि त्या बेरजेवरून पुढच्या दहा वर्षांच्या वाढीचा टक्का काढलेला असतो. केदारनाथला यात्रेकरू नेणारे हेलिकॉप्टर, समुद्रातल्या तेलविहिरीवर कामगार पोहोचवणारे हेलिकॉप्टर आणि क्षेपणास्त्रे घेऊन उडणारे अपाची यांचे ग्राहक वेगळे, पैसा वेगळ्या खिशातून येणारा आणि खरेदीची रीतही वेगळी. मग ही एकच बाजारपेठ मानावी काय? शिवाय मोठी हेलिकॉप्टरे बनवणाऱ्यांची नावे एअरबस, लिओनार्दो, बेल, सिकॉर्स्की, बोइंग आणि रशियन हेलिकॉप्टर्स अशा मोजक्याच कंपन्यांपाशी का थांबतात? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

प्रतिसाद : काटकोन

ग्राहक दोन, पण कारखाना एक, असे म्हटले तर वस्तुस्थितीच्या बरेच जवळ जाता येईल. एअरबसचे एच१४५ युरोपात हवाई रुग्णवाहिका म्हणून सर्रास वापरले जाते आणि त्याचीच लष्करी आवृत्ती असलेली ६२ हेलिकॉप्टरे जर्मनीने डिसेंबर २०२३ मध्ये मागवली. बेरजेबद्दलचा आपला आक्षेप मात्र रास्त आहे. रॉबिन्सनच्या आर४४ सारखी चार आसनांची, पिस्टन इंजिनावर चालणारी हेलिकॉप्टरे नग मोजले की भरपूर दिसतात, पण रकमेच्या हिशेबात त्यांचे वजन फारसे नसते. जर्मनीनेच २०२३ मध्ये ६० चिनूक ही अवजड लष्करी मालवाहू हेलिकॉप्टरे घेण्याचे ठरवले, तो एक निर्णय अब्जावधी युरोंचा होता.

कंपन्या मोजक्या का, याचे उत्तर बेल ५२५ या नागरी हेलिकॉप्टरकडे पाहिले की मिळते. त्याचे पहिले उड्डाण जुलै २०१५ मध्ये झाले, पुढच्या वर्षी चाचणीदरम्यानच्या अपघातात दोन वैमानिक दगावले आणि पहिल्या उड्डाणाला दहा वर्षे उलटली तरी प्रमाणपत्र हाती आलेले नव्हते. इतकी वर्षे विक्रीविना खर्च सोसायचा, तर मागे लष्करी कंत्राटांचा आधार लागतो.

प्रतिसाद : खारा वारा

माझे काम मुंबई हायवर असल्याने जुहूहून हेलिकॉप्टरने रिगवर, म्हणजे समुद्रातल्या तेलविहिरीच्या फलाटावर, जाणे-येणे हा आमच्या नोकरीचाच भाग आहे. पाण्यात उलटलेल्या हेलिकॉप्टरमधून बाहेर पडण्याचे प्रशिक्षण घेतल्याखेरीज कोणालाही त्यात बसू देत नाहीत. खुर्चीला पट्ट्याने बांधलेल्या अवस्थेत तलावात उलटे बुडवतात, नाकातोंडात पाणी जाते आणि त्याच अवस्थेत खिडकीची कड हाताने चाचपून बाहेर यायचे असते. हे अशासाठी सांगितले की, या बाजारपेठेत ज्याच्या जिवावर बेतते तो प्रवासीसुद्धा खरेदीवर परिणाम घडवतो, आणि अहवालांत तो कुठेच दिसत नाही.

२०१४ च्या मध्यापर्यंत कच्चे तेल पिंपाला शंभर डॉलरच्या वर होते. खोल समुद्रातल्या कामांसाठी सिकॉर्स्की एस-९२ आणि एअरबस एच२२५ या मोठ्या हेलिकॉप्टरांना मागणी होती आणि ती भाडेपट्ट्याने पुरवणाऱ्या वित्तकंपन्याही उभ्या राहिल्या होत्या. २०१६ च्या आरंभी तेल तीस डॉलरच्या खाली घसरले. त्यातच २९ एप्रिल २०१६ रोजी नॉर्वेतील तुरॉय येथे सीएचसी या हेलिकॉप्टर-सेवा कंपनीच्या एच२२५ चा मुख्य रोटर उड्डाणातच निखळला आणि विमानातील तेराही जण मृत्युमुखी पडले. मुख्य गिअरबॉक्समधल्या एका ग्रहचक्राला, म्हणजे मधल्या चक्राभोवती फिरणाऱ्या दातेरी चाकाला, आतल्या आत तडा वाढत गेला होता. तेलातले धातूचे कण पकडणाऱ्या चुंबकाने त्याची पूर्वसूचना दिलीच नाही. तशाच प्रकारच्या चक्राला तडा जाऊन २००९ मध्ये स्कॉटलंडजवळ याच कुळातले सुपर प्यूमा कोसळले होते आणि त्यात सोळा जण गेले होते. तुरॉयनंतर आठवडाभरातच सीएचसीने अमेरिकेत दिवाळखोरी संरक्षणाचा अर्ज केला. त्यामागे मुख्यतः तेलबाजाराची पडझड आणि कर्जाचा डोंगर होता. भाडेपट्टा देणारी वेपॉइंट २०१८ मध्ये आणि सीएचसीसारखीच सेवा देणारी ब्रिस्टो २०१९ मध्ये त्याच वाटेने गेली.

ब्रिटन आणि नॉर्वेने तुरॉयनंतर एच२२५ वर घातलेली उड्डाणबंदी २०१७ मध्ये उठवली, पण तेल कामगारांचा विश्वास काही परत आला नाही आणि त्या हेलिकॉप्टरांसाठी उत्तर समुद्राची दारे बंदच राहिली. मग ती गेली कुठे? युक्रेनच्या गृहखात्याने २०१८ मध्ये एअरबसकडून ५५ हेलिकॉप्टरे घेण्याचे ठरवले, त्यांतील २१ वापरलेली एच२२५ होती. तेलकंपन्यांना नकोशी झालेली यंत्रे सरकारी ताफ्यात गेली, तेव्हा दोन बाजारपेठांमध्ये भिंत आहे असे मला तरी वाटत नाही.

प्रतिसाद : उत्तरवारा

खारा वारा, मनापासून आभार. नागरी बाजू तेलाच्या भावाबरोबर वरखाली होते, हे पटले. मग लष्करी बाजू त्या मानाने स्थिर असते, असे समजावे काय?

प्रतिसाद : बुरूज

मागणी स्थिर असते, कंपनीचे नशीब नव्हे. नॉर्वेने २००१ मध्ये युद्धनौका आणि तटरक्षक दलासाठी एनएच९० ही १४ युरोपीय लष्करी हेलिकॉप्टरे मागवली. ती २००८ पर्यंत मिळायची होती. २०२२ उजाडले तरी पूर्ण क्षमतेची अवघी आठ हाती आली होती. वर्षाला ३,९०० तास उड्डाणाची गरज असताना सरासरी ७०० तासांच्या आसपासच उड्डाण होत होते. शेवटी जून २०२२ मध्ये नॉर्वेने करार रद्द केला, हेलिकॉप्टरे परत देऊन सुमारे पाच अब्ज क्रोनर मागितले आणि त्यांच्या जागी अमेरिकी एमएच-६०आर हे नौदली हेलिकॉप्टर निवडले. ऑस्ट्रेलियानेही याच जातीचा आपला ताफा मुदतीआधी मोडीत काढून अमेरिकी ब्लॅक हॉक घेतले. ब्लॅक हॉक काही नव्या आराखड्याचे नाही, पण त्याचे सुटे भाग मिळतात. माझ्या मते सरकारे खरी किंमत मोजतात ती उड्डाणाला तयार असलेल्या तासांची, आणि निविदेत नेमका तोच आकडा सर्वांत कच्चा असतो.

अमेरिकेचेही फार वेगळे नाही. टेहळणी हेलिकॉप्टरच्या प्रकल्पावर सुमारे दोन अब्ज डॉलर खर्चून तिथल्या लष्कराने तो फेब्रुवारी २०२४ मध्ये गुंडाळला.

प्रतिसाद : काटकोन

बुरूज यांच्या मुद्द्याला भारतातली जोड देतो. हिंदुस्तान एरोनॉटिक्सने इक्वेडोरला सात ध्रुव हेलिकॉप्टरे विकली. त्यांतील चार कोसळली आणि २०१५ मध्ये त्या देशाने करार मोडला. सुटे भाग कराराप्रमाणे मिळत नाहीत, हीही त्यांची तक्रार होती. मार्च २०२५ मध्ये त्याच कंपनीला ‘प्रचंड’ नावाच्या १५६ लढाऊ हेलिकॉप्टरांचे सुमारे ६२,७०० कोटींचे काम मिळाले, पण ते घरच्या सैन्याकडून. परदेशी गिऱ्हाईक मिळवायचे तर आधी जागोजागी दुरुस्तीची सोय उभारावी लागेल.

इंजिनाचाही विचार अवश्य करावा. ‘प्रचंड’ आणि ध्रुव यांचे ‘शक्ती’ इंजिन फ्रेंच कंपनीच्या सहकार्याने झालेले आहे. रशियाच्या केए-२२६टी या हलक्या हेलिकॉप्टरचे इंजिनही मुळात फ्रेंचच होते, आणि २०१५ मध्ये भारताने २०० नगांसाठी सरकारी पातळीवर समझोता केला असला तरी अंतिम खरेदी करार कधी झाला नाही. रशियाच्याच एमआय-१७ या वाहतूक हेलिकॉप्टरची इंजिने युक्रेनमधल्या झापोरिझ्झियाहून येत. २०१४ नंतर तो पुरवठा तुटला आणि रशियाला स्वतःचे उत्पादन वाढवावे लागले. बाजार-अहवालात हेलिकॉप्टर रशियन, फ्रेंच किंवा भारतीय म्हणून मोजलेले असते. ते उडेल की नाही, हे पुष्कळदा तिसऱ्याच देशाच्या निर्यात परवान्यावर ठरते.