मँचेस्टर : भावासाठी खासगी युरोलॉजिस्ट सुचवा (२५० पौंडांपर्यंत)

मनवा_एम : धाकटा भाऊ, वय २१, इथेच शिकतो. दर वीस मिनिटांनी लघवीला जातो, आग होते, कधी रक्तही पडतं. तीनदा अँटिबायोटिक्स झाली, तपासणीत जंतू सापडत नाहीत. परवा कळलं, दीड वर्ष केटामिन (नशेची पावडर) ओढतोय. आईबाबा नाशिकला, त्यांना पत्ता नाही. खासगी डॉक्टर सुचवा. २५० च्या वर झेपणार नाही.

सदा_लंडन : सरळ पुण्याला पाठवा. माझा मुतखडा तिथेच निघाला, आठवड्यात मोकळा झालो. तिकिटाचे सातशे धरा.

सुलभाआजी : धने-जिऱ्याचं पाणी, गोखरूचा काढा. माझी उन्हाळी दोन दिवसांत गेली.

निशा_नर्स : आजी, ही उन्हाळी नाही हो. केटामिन लघवीतून बाहेर पडताना लघवीच्या पिशवीचं आतलं अस्तर खातं. पिशवी जाड होते, आखडते. एरवी ४००-५०० मिली मावतं. ५० मिलीला कळवळणारी पोरं मी वॉर्डात पाहिलीत. मनवा, जीपीला (इथल्या फॅमिली डॉक्टरला) 'केटामिन' हा शब्द सांगितलाय का? नाहीतर चौथ्यांदाही अँटिबायोटिकच मिळेल. किडनी-लिव्हरचं रक्त आणि सोनोग्राफी मागा. पैसे घालवू नका. व्यसनमुक्ती सेवाही फुकट आहे, चिठ्ठीशिवाय जाता येतं.

अभि७ : जीपीला सांगू नका! केटामिन २०१४ पासून क्लास बी (इथल्या कायद्याने बंदी असलेलं ड्रग) आहे, पोलीस येतील.

निशा_नर्स : पेशंटने स्वतःच्या नशेबद्दल सांगितलं म्हणून जीपी पोलिसांना बोलवत नाही. असं घाबरवल्यानेच पोरं उशिरा येतात.

भूलतज्ज्ञ_नागपूर : केटामिन मुळात उत्तम औषध आहे. भूल द्यायला आम्ही रोज वापरतो.

एक_बाबा : डॉक्टर, इथे प्रश्न तो नाही. माझा मुलगा पिशवी दुखते म्हणून पुन्हा केटामिनच ओढायचा. तेवढ्यापुरतं बधिर व्हायचं, की परत तेच. बंद केल्यावर आठ महिन्यांनी रात्रीच्या बारा खेपा तीनवर आल्या. बंद केल्याशिवाय कुठलाच डॉक्टर उपयोगाचा नाही. आधी जीपी, खासगी नको.

सदा_लंडन : पुन्हा सांगतो, पुणे.

मनवा_एम : सगळे नको म्हणताय, तरी गुरुवारची खासगी वेळ घेतली, २४० पौंड. दुर्बिणीने पिशवी तपासायचे वेगळे पडतील, माहीत आहे. पण "गुरुवारी सगळं खरं सांगतो" असं तो आज पहिल्यांदा म्हणाला, ती वेळ मला घालवायची नाही. जीपीचा फोन सोमवारी, तिथेही तोच बोलणार आहे. कालपासून माझं स्वयंपाकातलं मोजपात्र बाथरूममध्ये आहे. तो कागदावर लिहितोय : ६०, ४५, ७०, ४०.