उत्तर: राजाबाई टॉवर आणि ग्रंथालय

वर कुणी लिहिलंय की मुंबईचे कापूस व्यापारी प्रेमचंद रायचंद यांनी पैसे घड्याळाच्या मनोऱ्यासाठी, म्हणजे राजाबाई टॉवरसाठी, दिले आणि मुंबई विद्यापीठाचं ग्रंथालय त्याला नंतर जोडलं गेलं. क्रम उलटा आहे. १८६४ मध्ये त्यांनी आधी ग्रंथालयासाठी दोन लाख रुपये दिले, मग आईच्या, राजाबाईंच्या, नावाने मनोरा उभारायला आणखी दोन लाख. म्हणजे ती इमारत मुळात पुस्तकांसाठीच आहे. लोक खालून मनोऱ्याचा फोटो काढून परततात याचं मला खरंच वाईट वाटतं. वरच्या मजल्यावरचं वाचनालय, त्याचं उंच लाकडी छत आणि रंगीत काचांच्या खिडक्या बघायला हव्यात. आराखडा इंग्लंडचे वास्तुविशारद गिल्बर्ट स्कॉट यांचा, आणि ते मुंबईत कधी आलेच नाहीत!

आपल्या सोलापूरकरांसाठी एक मुद्दा राहिलाय. हा पैसा कापसाचा. अमेरिकेतल्या यादवीमुळे तिकडचा कापूस थांबला, इथल्या कापसाचे भाव भडकले आणि मुंबईचे व्यापारी गब्बर झाले. त्याच्या थोडं आधी, १८६० मध्ये, रेल्वे सोलापूरपर्यंत आली होती. शिवाय १९४० मध्ये सुरू झालेलं आपलं दयानंद कॉलेज पुणे विद्यापीठ होईपर्यंत मुंबई विद्यापीठालाच जोडलेलं होतं. तेव्हा इथे शिकलेल्यांच्या पदव्या त्याच विद्यापीठाच्या. घरात आजोबा-पणजोबांचं तेव्हाचं प्रमाणपत्र असेल तर जपून ठेवा, लॅमिनेशन मात्र करू नका, कागद खराब होतो.