अनुभव धागा: गॅसचा वास आणि बटणावरचं बोट

पडवीतला पाहुणा
२००३ चे गणपती. मुंबईहून निघालेली आमची गाडी कुडाळजवळच्या घरी पोचली तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजले होते, बाहेर धो धो पाऊस. घर पावसाळाभर बंद. पण त्याच सकाळी शेजारच्या काकी येऊन केर काढून, सिलिंडर जोडून, स्वतःपुरता चहा करून गेल्या होत्या. मी नऊ वर्षांचा. सगळ्यांच्या पुढे धावत मागच्या स्लॅबच्या स्वयंपाकघरात शिरलो आणि सवयीने भिंतीवरचं बटण दाबलं. तेवढ्यात मागून आजी ओरडली, "बटनाक हात लावू नको रे! आधी दार उघड!" तेव्हा कुठे तो कुजकट वास माझ्या नाकात शिरला. शेगडीची एक कळ अर्धवट उघडी राहिली होती.

बटण आधीच दाबून झालं होतं, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. घरचे म्हणतात देवाला गाऱ्हाणं घातलं होतं म्हणून वाचलो. असेलही. पण वास होता, बटण दाबलं, मग उडालं कसं नाही? आणि ज्यांच्याकडे उडतं तिथे वेगळं काय असतं? कोकणातल्या मंडळींनी आपापलं लिहा. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलं नको, स्वतःच्या घरात, कामावर घडलेलं लिहा.

खडू-फळा
गुहागरकडे तीस वर्षं विज्ञान शिकवलं. जस्ताच्या तुकड्यांवर विरल आम्ल ओतून हायड्रोजन काढायचा प्रयोग दरवर्षी व्हायचा. पहिली परीक्षानळी ज्योतीजवळ नेली की 'फट्' आवाज, वर्ग खूश. मग नळी वायूने पूर्ण भरू द्यायची. आता मात्र तोंडाशी गुपचूप जळणारी फिकट ज्योत. पोरं हिरमुसायची. शुद्ध वायू भरल्यावर उलट जोरात वाजायला हवं ना? एका वर्षी मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "सर, आत हवाच नाय, तर फुटेल कशाच्या जीवावर?" याहून सोपं उत्तर मला तरी सुचलेलं नाही.

सिलिंडरमधला गॅस म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेन. हवेत तो साधारण २ टक्क्यांपेक्षा कमी असला तर ठिणगी पडूनही पेट पसरत नाही, कारण जेवढं जळतं त्याची उष्णता भोवतालची हवा तापवण्यातच खर्ची पडते. साडेनऊ टक्क्यांच्या वर गेला तर ऑक्सिजन अपुरा पडतो. या दोहोंच्या मधे धोका. ४ टक्क्यांच्या आसपास तर हिशेब चोख जुळतो: प्रोपेनच्या एका रेणूला ऑक्सिजनचे पाच रेणू लागतात, आणि हवेत ऑक्सिजन जेमतेम पाचातला एक.

ठिणगी फक्त सुरुवात करून देते. मोहरीएवढी जागा इतकी तापते की तिथले रेणू तुटून जळतात, तो थर शेजारच्याला पेटवतो, तो त्याच्या शेजारच्याला. एवढ्याला एका मिलिज्यूलचा पाव भाग ऊर्जा पुरते, आणि बटणाच्या आत पडणारी ठिणगी त्याला भारी असते. जळालेला वायू तापून सात-आठ पट फुगू पाहतो. अंगणात तो नुसता भपका होऊन विरतो. खोली बंद असली की त्याला जागा हवी असते, ती तो भिंत पाडून करून घेतो.

पाहुणे, तुमची खोली १० बाय १०, उंची १० फूट धरली तर खोलीभर २ टक्के व्हायला सव्वा किलोच्या आसपास गॅस लागेल. अर्धवट कळीतून दिवसभरात तेवढा येणं अशक्य नाही, पण थोडं कठीण. वास मात्र खूप आधी येतो. त्या २ टक्क्यांच्या पाचव्या हिश्श्यालाच नाकाला कळावं एवढा मर्कॅप्टन, म्हणजे तो कुजकट वासाचा पदार्थ, त्यात मुद्दाम घातलेला असतो. तेव्हा तुमची खोली बहुधा अजून 'पातळ' होती.

शंकासूर
मास्तर, 'खोलीभर' इथेच तुमचं गणित घसरलं. हा गॅस हवेच्या दीडपट ते दुप्पट जड. बंद खोलीत तो पाण्यासारखा खाली साचतो. बटण साडेचार फुटांवर. म्हणजे पाहुण्याच्या घोट्यापाशी मिश्रण तयार आणि बोटापाशी नुसता वास, असंही असेल. मोरीचं भोक उघडं होतं का?

पडवीतला पाहुणा
होतं. कोपऱ्यात भांड्यांची मोरी, तिचं पाणी थेट परसात माडाच्या आळ्यात जायचं.

शंकासूर
मग अर्धा गॅस माड प्यायला.

चूल ते शेगडी
देवगड. शंकासूरांचं म्हणणं माझ्या जावेच्या घरात खरं झालं. रात्री उंदराने रबरी नळी कुरतडली. खिडक्या पावसामुळे लावलेल्या. पहाटे सगळे ओटीवर झोपलेले असताना स्वयंपाकघर उडालं. खिडकी चौकटीसकट अंगणात, आणि पापडाचे डबे विहिरीपाशी. आत कुणी नव्हतं, काडी कुणी ओढली नव्हती, बटणाला कुणी हात लावला नव्हता. कुणी करणी केली इथपर्यंत चर्चा गेली. शेवटी पाहायला आलेल्या माणसाने फ्रीजच्या मागे बोट दाखवलं. कंप्रेसर आपोआप चालू होताना तिथे ठिणगी पडते, आणि ती जागा जमिनीपासून वीतभर वर. तेव्हापासून आम्ही सगळ्या जावा रात्री रेग्युलेटर बंद करतो. नळी बदलायला मात्र अजून कुणाला तरी ओरडावंच लागतं.

जेट्टीवरचा फिटर
बोटींची इंजिनं दुरुस्त करतो, मिरकरवाड्यापासून हर्णैपर्यंत. पहिली गोष्ट माझ्याच मूर्खपणाची. ट्रॉलरची बॅटरी रात्रभर चार्जिंगला, वरून लाकडी पेटीचं झाकण. सकाळी चार्जर बंद न करताच क्लिप ओढली. बार उडाल्यासारखा आवाज झाला, बॅटरीचं वरचं कवच गायब आणि आम्ल तोंडावर. खलाशाने पिण्याच्या पाण्याचा अख्खा कॅन डोळ्यांवर रिकामा केला म्हणून आज हे लिहितोय. चार्ज पुरा झाल्यावर आतलं पाणी फुटून हायड्रोजन आणि ऑक्सिजन निघतात, तेही दोनास एक, म्हणजे स्फोटाला हवं ते माप आयतं तयार. हायड्रोजन हवेत ४ पासून ७५ टक्क्यांपर्यंत कुठेही पेटतो आणि त्याला ठिणगीही सिलिंडरच्या गॅसच्या दहाव्या हिश्श्याची पुरते. आता आधी झाकण उघडं, मग चार्जर बंद, थोडं थांबून मग क्लिप.

दुसरी माझ्या उस्तादांची. नवीन पोरगा डिझेलच्या चिरलेल्या बॅरलला वेल्डिंग करायला बसला. "रिकामाच हाय." उस्तादांनी त्याच्या हातातला वेल्डिंगचा टॉर्च काढून घेतला आणि बॅरल काठोकाठ पाण्याने भरायला लावला, चिरेपुरती जागा सोडून. ते म्हणायचे, भरलेल्याला भ्यायचं तर रिकाम्याला दुप्पट भ्यायचं. डिझेल आपल्याकडच्या उन्हात फारशी वाफ सोडत नाही, पण वेल्डिंगच्या आगीने आतल्या तळाला चिकटलेला थर उकळतो, आणि बाकी बॅरलभर असते हवा.

पेट्रोलचं उलटं. टाकीच्या आत वाफ इतकी दाट असते की सहसा पेटतच नाही, कारण तिचा पेट घेण्याचा पट्टा दीड ते साडेसात टक्क्यांचा. म्हणून आउटबोर्डच्या, म्हणजे होडीच्या मागे लावायच्या इंजिनाच्या, टाकीशेजारी बिडी ओढणारे बहाद्दर पाहिलेत. अरे, आत दाट असलेली वाफ बाहेर हवेत पातळ होत येते ना? मग तो मधला पट्टा टाकी आणि बिडी यांच्यात कुठेतरी असणारच.

हापूसवाली
बागेत वानर फार. पुतण्याने बाजारातून पाइपाची कार्बाइडची तोफ आणली. कार्बाइडवर पाणी पडलं की अ‍ॅसिटिलीन निघतं, ते अडीच टक्क्यांपासून ८० च्या पुढेपर्यंत पेटतं. मास्तर सांगतात तो मधला पट्टा इथे जवळजवळ सगळीकडेच. एकदा उडाली नाही म्हणून पुतण्या नळीत डोकावला. तेव्हा उडाली. भुवया, पापण्या गेल्या, डोळा महिनाभर उपचारांनी वाचला. वानर दुसऱ्या दिवशी त्याच फांदीवर. (आंबे आम्ही पेंढ्याच्या अढीतच पिकवतो. कार्बाइडने पिकवायला बंदी आहे, हे ग्राहकांनाच सांगत बसावं लागतं.)

तिसरी पाळी
लोट्याला एका कारखान्यात ऑपरेटर. टाकीत उतरायच्या आधी मीटरने गॅस मोजतात. सुरुवातीला मला वाटायचं, काटा शून्याकडे म्हणजे सुरक्षित. सीनियरने शिकवलं, आधी ऑक्सिजन बघ. साध्या मीटरमध्ये नमुना आतल्या आत जाळून मोजतात. टाकीत गॅसच गॅस असेल तर जळायला हवा नाही, आणि काटा खोटं कमी दाखवतो. मास्तरांची दुसरी परीक्षानळीच ती! म्हणूनच टाकीच्या रिकाम्या जागेत आम्ही नायट्रोजन भरून ठेवतो. ऑक्सिजन दहा टक्क्यांच्या खाली गेला की बहुतेक सॉल्व्हंटच्या वाफा ठिणगीला दाद देत नाहीत. माणूसही तिथे जगत नाही, ते वेगळं.

गोठ्यातून
गोबरगॅस नवीन बांधला तेव्हा गवंड्याने बजावलं होतं, पहिला भरलेला गॅस पेटवायचा नाही, सोडून द्यायचा, आत हवा मिसळलेली असते. आम्ही सोडला. त्यामुळे सांगण्यासारखा अनुभव नाही, क्षमस्व.

पडवीतला पाहुणा
काल हा धागा आईला वाचून दाखवला. बटणाचा भागही. ती आधी माझ्याकडे बघतच राहिली, मग म्हणाली, "अरे, त्या रात्री लाईटच नव्हती. वाटेत खांब पडलेला. आपण काळोखातच आत शिरलो, तुझे बाबा टॉर्च घेऊन तुझ्या मागे." म्हणजे टक्केवारी, मोरी, माड सगळं असेल नसेल, माझ्या बटणात ठिणगी पडायला करंटच नव्हता.

शंकासूर
आणि टॉर्चचं बटण कुणी, कुठे दाबलं?

पडवीतला पाहुणा
बाबांना विचारून सांगतो.