वेगळं शिबिर कशाला?
'अंध मुलांसाठी सुट्टीत वेगळं शिबिर घ्या, बाकीच्यांत खेळताना त्यांना लागेल' असं मत मी वाचलं, ते मला अजिबात पटलं नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम १६ मान्यताप्राप्त शाळांनाही सांगतं की खेळाची संधी इतरांच्या बरोबरीने द्या.

माझा भाचा जन्मापासून बघू शकत नाही. चोपड्याला गल्लीतल्या पोरांनी मे महिन्यात त्याला क्रिकेटमध्ये घेतलं (सकाळी साडेसहालाच, नंतर आपलं खानदेशी ऊन उभं राहू देत नाही). अंधांच्या क्रिकेटचा प्लॅस्टिकचा चेंडू मागवला, आत छर्रे असल्यानं तो खुळखुळतो. हात खालून फिरवून सरपटी टाकायचा, त्याआधी 'तयार?' विचारून होकार ऐकायचा. दोन दिवसांत बाकीची पोरंही डोळ्यांना रुमाल बांधून बॅटिंग मागायला लागली. भाच्याचा गुडघा खरचटला, पण तो तर सगळ्यांचाच खरचटला होता.