मदत हवी आहे: हरलेला ठेकेदारच काम करतोय, आरटीआयमध्ये नेमकं काय मागू?

नमस्कार मंडळी. दक्षिण सोलापूर तालुक्यात आमच्या गावाजवळ रस्त्याचं सरकारी काम सुरू आहे. टेंडरला तिघेच होते. एल-वनला, म्हणजे सर्वात कमी दर भरणाऱ्याला, वर्क ऑर्डर मिळाली, पण साईटवर त्याचा एकही माणूस दिसत नाही. मिक्सर आणि टिपर दोन्हींवर एल-टूचं, म्हणजे दरात दुसरा आलेल्या ठेकेदाराचं, नाव रंगवलेलं! मुकादमाला विचारलं तर म्हणाला, "आमचा शेठ तोच, बिल तेवढं दुसऱ्याच्या नावावर निघतं."

पोटठेका देणं म्हणजे लगेच गुन्हा नाही, हे कळतं. खास कामासाठी लेखी परवानगीने देतातही. पण हरलेल्यालाच काम मिळत असेल तर दर आधीच ठरवून भरले होते का, ही शंका येणारच. शिवाय मधला माणूस आपला हिस्सा काढणार, मग डांबर आणि खडीत काटछाट ठरलेलीच. तिसऱ्याचे दर तर नुसते शोभेचे वाटतात.

आरटीआयमध्ये दरांचा तुलनात्मक तक्ता, पोटठेक्याच्या परवानगीचं पत्र, करारातली त्याबाबतची अट आणि माप पुस्तिकेच्या (झालेल्या कामाच्या मोजमापांच्या नोंदवहीच्या) प्रती मागायच्या ठरवल्या आहेत. मजुरांच्या पीएफची चलनंही मागावीत का? 'व्यापारी गोपनीयता' म्हणून कलम ८ दाखवून नाकारलं, तर पहिल्या अपिलात काय मांडायचं?

संगनमताने बोली लावणं स्पर्धा कायदा २००२च्या कलम ३ मध्ये येतं. एवढ्या छोट्या कामासाठी दिल्लीच्या स्पर्धा आयोगाकडे कुणी गेलंय का, की आधी लाचलुचपत खात्याचा १०६४ हा हेल्पलाइन नंबर बरा? फोटो तारखेसह काढून ठेवलेत. अंतिम बिल निघायच्या आत हालचाल करायची आहे.