'स्मिखा'ला मराठीत काय म्हणावं?

शब्दवेल्हाळ: लंडनच्या लिओ बेक कॉलेजवरचं (स्थापना १९५६) टिपण मराठीत आणायचं आहे. पुरोगामी ज्यू पंथाचे रब्बी (ज्यूंचे धर्मगुरू) आणि धर्मशिक्षक तिथे तयार होतात. पाच वर्षं शिकल्यावर रब्बीपद देतात, ती 'स्मिखा'. 'दीक्षा' लिहिलं होतं, संपादकांनी 'पदवीदान' केलं. बरोबर काय?

पंतोजी: दोन्ही नकोत. दीक्षेने वाट सुरू होते, स्मिखा वाट संपल्यावर मिळते. आणि पदवी वेगळीच असते. हिब्रू युनियन कॉलेजात (स्थापना सिनसिनाटी, अमेरिका, १८७५) हिब्रू साहित्याची एमए वाटेतच हाती पडते, स्मिखा शेवटी. मूळ धातू 'टेकणे, आधार देणे' असा. बायबलात मोशेने (मोझेसने) आपला वारस यहोशवा याच्यावर हात ठेवला तो हा विधी. पुढे अर्थ झाला, धर्मप्रश्नावर निवाडा द्यायची परवानगी. म्हणून 'अनुज्ञा'.

वसईकर: आम्हा ख्रिस्ती लोकांकडे सेमिनरीची (धर्मगुरू घडवणाऱ्या शाळेची) सगळी वर्षं संपल्यावर जी होते तिला 'गुरुदीक्षा'च म्हणतात, पत्रिकेवरही तेच छापतात. लोकांच्या तोंडातला शब्द चूक कसा?

पंतोजी: तुमच्याकडे माणूस याजक, म्हणजे पूजाविधी करणारा, होतो. ज्यूंचा याजक कोहेन, तो जन्माने. प्रार्थनेला रब्बी लागतच नाही, दहा प्रौढ जमले की पुरे. पुरोगामी मंडळी त्यात बायकाही धरतात.

रानजाई: बायका रब्बीही होतात. रेगिना योनास जर्मनीत १९३५, सॅली प्रीसँड अमेरिकेत १९७२, लिओ बेकमधून जॅकलिन टॅबिक १९७५. मग 'रब्बीण' म्हणावं का?

पंतोजी: 'पाटलीण' म्हणजे पाटलाची बायको. रब्बीच्या बायकोला 'रेबेत्झिन' आहेच. 'त्या रब्बी झाल्या' एवढंच लिहा.

शेतकरीदादा: रब्बी हंगामही त्याच शब्दातून ना?

रानजाई: नाही. तो अरबी 'रबी', वसंत ऋतू. हा हिब्रू 'रव', म्हणजे थोर, गुरू. 'रब्बी' म्हणजे 'माझे गुरू'.

अष्टागर: मराठी ज्यूंचे शब्द आधी बघा. बेने इस्राएलींकडे परंपरेने रब्बी नव्हते; काजी होते, हजान होते. पुरोगामी पंथ मुंबईत १९२५ साली आला, डॉ. जेरुशा झिराड यांच्या पुढाकाराने. भायखळ्याचं रोडेफ शालोम हे प्रार्थनामंदिर त्यांचंच. 'हजान'च वापरा.

रानजाई: हजान प्रार्थना गाऊन चालवतो, त्याचं शिक्षण वेगळं. रब्बीला तालमूद (धर्मनियमांवरच्या चर्चांचा जुना ग्रंथ) लागतो आणि विद्यार्थी तिथेच अडतात. प्रार्थनेचं पुस्तक स्वरचिन्हांसकट (आपल्या काना-मात्रांसारखी) वाचायची सवय असते. तालमूदच्या पानावर स्वरचिन्हं नाहीत, विरामचिन्हं नाहीत, भाषा बरीचशी अरामी, हिब्रूच्या जवळची जुनी भाषा. प्रश्न कुठे संपला, उत्तर कुठे सुरू झालं तेच कळत नाही. म्हणून दोघं मोठ्याने वाचतात, एकाने अर्थ लावायचा, दुसऱ्याने हरकत घ्यायची. ती 'हेव्रुता'.

वसईकर: म्हणजे 'सहाध्ययन'.

पंतोजी: त्यात हरकत घेणं कुठे आलं? 'हावेर' म्हणजे सोबती. 'जोडीने वाचणं' म्हणा.

अष्टागर: 'हेव्रुता'च ठेवा. 'हजान' पचला, हाही पचेल.