पिकअपच्या क्लचमधली हवा निघूनच नाही रायली

भाऊ, क्लचचा मास्टर सिलेंडर (पेडलजवळचा, ऑइल ढकलणारा) नवीन टाकला तेव्हापासून पेडल खालीच बसते, पायानं वर ओढा लागते. हवा काढायचं निप्पल खोलून पंप केलं तं ऑइल थेंबथेंब येते अन बुडबुडे काही सरत नाही. कापूस हिंगणघाटले न्यायचा हाय, काय करू?

— स्लेव्हचा (गिअरबॉक्सजवळच्या खालच्या सिलेंडरचा) रबरी बूट मागं करून पाय, आत ओलं असन तं आतल्या रबरी सीलचं किट गेलं समज.

— पहिले पेडलचा फ्री प्ले, म्हंजे सुरुवातीची मोकळी चाल, पाय बावा. पुशरॉड (पेडलची दांडी) टाइट असला का मास्टरचा पिस्टन पूर्ण मागं येत नाही, मंग वरच्या ऑइलच्या डबीतून ऑइल उतरायचं बारीक भोक झाकूनच रायते, दिवसभर पंप मारला तरी हवा तिथंच. मेकॅनिक लोक हे पायतच नाही. ते बरोबर असन तं सिरिंजनं खालून भर, स्लेव्हच्या निप्पलमधून हळूहळू वर ढकल, हवा तशीबी वरच जाते. डबी आधी अर्धी रिकामी कर, क्लचमधेबी ब्रेक ऑइलच असते, ते सांडलं का पेंट सोडते.

— अन ब्रेक ऑइल डॉट ३ नाही तं डॉट ४ च टाकजो, इंजिन ऑइलनं रबर फुगते.

— फ्री प्ले नव्हताच भाऊ! जरा ढिल्ला केला तं ऑइल धारेनं आलं, सिरिंज लागलीच नाही. बूट मात्र ओला निघाला, किट बाजाराच्या दिवशी आणतो.